नोंद करण्यासारखं काही नाही

"काका, तुमचा कान अगदी ठणठणीत आहे," कान तपासणारी मुलगी म्हणाली. अशा बातमीनं लोक खूश होत असतील. तिनं माझ्याकडे पाहिलं ते त्याच अपेक्षेनं. पण मी गेले तीन आठवडे मनातल्या मनात बहिरा होऊन बसलो होतो. नव्या चपलेची करावी तशी बहिरेपणाची मी सवय करून घेतली होती. बायकोनं हाक मारली की दुसऱ्या हाकेला ओ द्यायचो, कचेरीत कुणी काही विचारलं की कानामागे हात नेऊन "काय म्हणालात?" असं विचारायचो, आणि हे सगळं सोंग होतं असंही नाही. मला खरंच कमी ऐकू यायला लागलं होतं, निदान तसं वाटायला लागलं होतं. तपासणीची ती खोली एक खुर्ची मावेल एवढीच होती. भिंतींना करडा स्पंज, जाड दार, डोक्यावर घट्ट बसणारे कर्णफोन, हातात एक बटण. आवाज ऐकू आला की दाबायचं. मी पाऊण तास तिथे बसून आलो होतो आणि माझ्या मते माझा निकाल लागला होता. "मग पहिल्या तपासणीत एवढं कमी कसं आलं?" मी जरा चिडूनच विचारलं. "तेच तर," ती म्हणाली, "पहिल्या तपासणीत बटण तुम्ही दाबायचं असतं. दुसरीत तुम्हाला काहीच करायचं नसतं. कानामागे तारा चिकटवल्या होत्या ना, त्यावरून यंत्र स्वतःच बघतं, आवाज आत पोचला की नाही ते. पोचतोय. अगदी बारीकसुद्धा पोचतोय. तुम्हाला ऐकू येतं काका, तुम्ही दाबत नाही." मी म्हणालो, "खात्री वाटल्याशिवाय कसं दाबणार?" त्यावर ती हसली. वाईट नव्हतं ते हसणं, घरातल्या म्हाताऱ्याला हसावं तसं होतं. "खात्री कशाला हवी? आल्यासारखं वाटलं की दाबायचं. चुकलं तर चुकलं. इथे तुम्हाला कोण हसणार आहे?"

मी कागद घेतला आणि बाहेरच्या बाकावर येऊन बसलो. बाकावर माझ्याआधी दोन माणसं बसलेली होती आणि दोघंही एकमेकांशी ओरडून बोलत होती. त्यांचा मला हेवा वाटला. कागदावर दोन आलेख होते. एकात रेघ खाली घसरत गेलेली, दुसऱ्यात छोटे छोटे उंचवटे, एकसारखे, न चुकता आलेले. हे उंचवटे म्हणजे माझा कान. ही घसरलेली रेघ म्हणजे मी. चव्वेचाळीस पावलांचा तो व्हरांडा होता, टोकाला पाण्याचा नळ होता आणि तो गळत होता; बाकावरून मला ऐकू येत होतं.

गळती ऐकणं हे माझं कामच आहे. पाणीखात्यात असं काम असतं हेच लोकांना माहीत नसतं. पहाटे, गाड्यांची वर्दळ सुरू व्हायच्या आधी, खांद्यावर दांडा टाकून निघायचं. दांडा म्हणजे कमरेएवढी लोखंडी सळी आणि तिच्या वरच्या टोकाला लाकडी वाटी. सळी झडपेवर टेकवायची, वाटीला कान लावायचा आणि श्वास रोखायचा. जमिनीखाली नळ फुटला असेल तर एक बारीक, न थांबणारा सुस्कारा ऐकू येतो. तो आला की रस्त्यावर खडूनं फुली मारायची. मग दुसरी माणसं येऊन खणतात. नोकरीची पहिली वर्षं मी नुसता संशय आला तरी फुली मारायचो. का मारायचो ते खात्यात कुणाला माहीत नव्हतं आणि मी सांगणार नव्हतो. त्यामुळे कोरडे खड्डे पुष्कळ निघाले. खणणारे मला उंदीर म्हणायला लागले. मुकादम चारचौघांत म्हणाला, "आता आणखी एक खड्डा कोरडा निघाला तर यांनाच आत उतरवू आणि वरून माती लोटू." सगळे हसले. मीही हसलो, अशा वेळी सगळ्यांत मोठ्यानं आपणच हसायचं असतं. त्यानंतर माझ्या फुल्या कमी झाल्या. एकदम नाही, वर्षागणिक. खातं खूश झालं. आणि गेल्या महिन्यात बेकरीच्या गल्लीत मी दांडा टेकवला तेव्हा सुस्कारा होता. पातळ होता, दूर होता, पण होता. मी सळी उचलली, पुसली आणि वहीत 'कोरडं' असं लिहून पुढच्या गल्लीत गेलो. तिसऱ्या दिवशी बेकरीच्या तळघरात छातीएवढं पाणी भरलं आणि पिठाची पोती फुगून फुटली. माणूस कुणी दगावलं नाही. साहेब भला आहे, तो म्हणाला, वयानं कान जातो, त्यात लाजायचं काय, तपासून या. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी खोड तर एकशे नऊ माणसं मेल्यावरसुद्धा गेली नाही.

मोठं युद्ध संपल्यावर बांधलेल्या जहाजांपैकी एकावर मी साडेतीन वर्षं होतो. एकाच आराखड्यावरून बारा जहाजं बांधली होती, स्वस्तात आणि घाईनं, कारण युद्धात पाणबुड्यांनी सगळ्यांच्याच तोंडचं पाणी पळवलं होतं आणि पुढची पाणबुडी कधी येईल याची कुणाला खात्री नव्हती. अरुंद अंगाचं जहाज, मागे एकच पंखा, तोफा नावाला. पाणबुडी शोधायची आणि मारायची, एवढंच त्याला यायचं. दुसरं काही म्हणजे काही यायचं नाही. समुद्र जरा खवळला की ते असं लोळायचं की स्वयंपाक्याला पातेली बांधून ठेवावी लागायची. मागच्या बाजूला बाँबफेकीची नळकांडी होती, तीन तोंडांची, आणि पुढच्या बाजूला खाली, पाण्याच्या रेषेच्याही खाली, आमची खोली होती. तिला सगळे कानाची खोली म्हणायचे. आत दोन खुर्च्या, एक तांबडा दिवा आणि कर्णफोन. जहाजाच्या पोटातून पाण्यात आवाज सोडायचा, टिंग, आणि तो कशावर आपटून परत येतो का ते ऐकत राहायचं. अर्ध्या तासानं माणूस बदलायचा, कारण कान शिणतो आणि नसलेलं ऐकायला लागतो. या कामाला सोनार म्हणतात, आणि माझ्या मित्राच्या आईनं आळीत सांगितलं होतं की माझा मुलगा आरमारात सोनार आहे. तर शेजारणी बांगड्यांचा भाव विचारायला लागल्या. हे त्यानंच मला सांगितलं होतं, हसून हसून डोळ्यांत पाणी आणून. तो म्हणजे माझ्या बायकोचा दादा. तेव्हा ती माझी बायको नव्हती, त्याच्या पत्रांत येणारी धाकटी बहीण होती, आणि तो आरमाराच्या शाळेत माझ्या शेजारच्या बाकावर हे ऐकण्याचं काम शिकत होता.

शाळेत आम्हाला टेपवर आवाज लावून दाखवायचे आणि आम्ही कागदावर लिहायचं: पाणबुडी, मासे, खडक, बुडालेलं जहाज. पाणबुडीवरून येणारा प्रतिध्वनी कडक असतो, लोखंडावर नख आपटावं तसा. माशांच्या थव्यावरून येणारा पोकळ आणि कडा नसलेला. आणि वस्तू लांब चालली असेल तर परत येणारा सूर किंचित उतरतो. हे 'किंचित' ज्याला कळलं तो पास. मी पहिला यायचो, तो दुसरा. पण तो लिहायच्या आधी माझ्याकडे बघायचा. येत नव्हतं म्हणून नव्हे. त्याला माझ्या कानाचा भरवसा होता, स्वतःच्या कानापेक्षा जास्त. मास्तर त्याला ओरडायचे, "समुद्रावर हा शेजारी बसणार आहे का तुझ्या?" तो मान खाली घालून म्हणायचा, "नाही साहेब." पण नेमणुका झाल्या तेव्हा मला एक जहाज मिळालं आणि त्याला त्याच बारांतलं दुसरं, आणि ही जहाजं जोडीनं शोधाला जायची, एकमेकांपासून दीड-दोन मैल ठेवून. म्हणजे मी शेजारी बसलोच. बंदरात एकत्र सुट्टी मिळावी म्हणून आम्ही दोघांनी वरिष्ठांच्या हातापाया पडून पाळ्यासुद्धा जुळवून घेतल्या. तो खुर्चीत असायचा तेव्हा मीही माझ्या खुर्चीत असायचो. त्याच्या जहाजावर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाट विचारावी लागली नाही. तेच दार, तोच जिना, जिन्याची तीच पाचवी पायरी वाजणारी. मी अंधारात त्याच्या खोलीत जाऊन त्याच्या खुर्चीत बसलो आणि ती माझीच होती.

तो आठवडा मात्र वाईट होता. सीमेवर तणाव होता, आम्हाला खऱ्या बाँबांसह पाठवलं होतं आणि पाण्याखाली कुणीतरी आहे असं वर सगळ्यांना वाटत होतं. मी तीन दिवसांत तीनदा पाणबुडी म्हणालो. तिन्ही वेळा घंटा झाली, माणसं धावली, नळकांडी उडाली, समुद्र उसळला आणि मग पांढऱ्या पोटाचे मासे वर आले. शेकड्यांनी आले. तिसऱ्या वेळी स्वयंपाक्यानं होडी सोडवून घेतली आणि टोपलीभर मासे गोळा केले. रात्री सगळ्या जहाजाला तळलेले मासे मिळाले आणि माझ्या ताटात सगळ्यांत मोठा तुकडा वाढून कुणीतरी म्हणालं, "मासळीवाल्याला आधी द्या रे." ते नाव चिकटलं ते चिकटलंच. कप्तान कठोर नव्हता, विनोदी होता, आणि विनोदी माणसाचं ऐकून घेणं जास्त अवघड जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सगळ्यांना उभं केलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "ही युद्धनौका आहे, मासळीबाजार नाही. यापुढे माशांची नोंद वहीत करायची नाही. आणि चौथ्यांदा मासे निघाले तर याला टोपली देऊन बाजारात बसवतो." जहाज लोळेल एवढे लोक हसले. आमच्या जहाजावर हा हुकूमच झाला. मासे म्हटलं की गोष्ट तिथेच संपली. कागद नाही, पेन्सिल नाही, वेळ नाही. दुसऱ्या कुठल्याही जहाजावर अगदी मासेसुद्धा लिहून ठेवत. फक्त आमच्या जहाजावर लिहीत नसत आणि त्याला कारण मी.

त्या दिवशी दुपारी माझी पाळी सुरू होऊन चार-पाच मिनिटं झाली होती. दुसऱ्या खुर्चीतला माणूस कर्णफोन गळ्यात टाकून पाव खात होता. नळीतून वरच्या अधिकाऱ्याचा आवाज आला. त्याला आम्ही दुर्बीण म्हणायचो, कारण झोपतानाही त्याच्या गळ्यात ती असायची. दुर्बीण म्हणाला, "शेजारचे विचारतायत. त्यांच्या कानवाल्याला दोन जहाजांच्या मध्ये काहीतरी लागलंय. तुझं काय मत?" मी आवाज त्या दिशेला वळवला. टिंग. आणि तो परत आला. कडक. लोखंडावर नख. पुढचा परत आला आणि मी सूर ऐकला; तो उतरलेला होता. किंचित. हे 'किंचित' मला सगळ्या आरमारात सगळ्यांत चांगलं कळायचं. तिसरा प्रतिध्वनी जरा पसरट आला, चौथा पुन्हा कडक. शेजारच्या माणसानं पावाचा घास थांबवला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तो गालातल्या गालात हसला. एवढंच. त्याच्या हसण्यात काही नव्हतं बिचाऱ्याच्या, मी म्हणालो असतो तर तो घंटेआधी खुर्चीतून उठला असता. "काय आहे?" दुर्बिणीनं पुन्हा विचारलं. मी म्हणालो, "मासे, साहेब." "नक्की?" "नक्की." मला वर त्याचा आवाज ऐकू आला, तो रेडिओवर दुसऱ्या जहाजाला सांगत होता, "आमचा माणूस मासे म्हणतोय. वेळ घालवू नका." आमच्या जहाजाची दिशा बदलली नाही. त्यांच्याही जहाजाची बदलली नाही. आपण निदान या वेळी हसं करून घेतलं नाही म्हणून मला बरं वाटलं. हे बरं वाटणं मला आजपर्यंत विसरता आलेलं नाही. त्यानंतर बावीस मिनिटांनी कर्णफोनमध्ये जो आवाज झाला त्यानं माझ्या डाव्या कानातून रक्त आलं, आणि मी वर धावलो तेव्हा शेजारी जहाज नव्हतं. नुसता धूर होता, तोही फार नव्हता.

पुढचे दोन महिने मी एकच गोष्ट केली. आमची दोन्ही जहाजं सारखी होती, म्हणून मला सगळं मोजता येत होतं. कानाच्या खोलीचं दार आतल्या बाजूला उघडतं, म्हणजे खुर्ची आधी सरकवावी लागते. मग डावीकडे सात पावलं. मग अकरा पायऱ्यांचा जिना, मग नऊ पायऱ्यांचा, मग वर मोकळी हवा. मला उजेडात, जहाज सरळ असताना, एकतीस सेकंद लागत. ते जहाज पावणेदोन मिनिटांत गेलं असं वाचलेले अकरा जण सांगत होते, म्हणजे वेळ होता. पण जहाज सरळ नव्हतं, उजेड नव्हता, आणि जिना भिंत झालेला असणार आणि भिंत जिना. मी डोळे मिटून, एक हात भिंतीला लावून जायचो. लोकांना वाटायचं, पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय. स्वयंपाकी मला बोलावून दूध द्यायचा. मासळीवाला हे नाव कुणी पुन्हा घेतलं नाही, आणि ते का घेत नाहीत हे बघायला मी टपून असायचो. पण त्यांना काही माहीत नव्हतं. दुसऱ्या खुर्चीतल्या माणसानं कर्णफोन घातलेच नव्हते. तो मला एकदा एवढंच म्हणाला, "माशांच्या मागून आली असेल रे ती, मेली."

चौकशी झाली. लांब टेबल, तीन अधिकारी, प्रत्येकाच्या पुढ्यात झाकलेला पाण्याचा पेला. वाचलेले अकरा जण सगळे मागच्या नळकांड्यांवरचे होते. त्यांनी सांगितलं की आम्हाला घंटाच आली नाही. कानाच्या खोलीनं काही ऐकलं असतं तर पहिली घंटा आम्हालाच असते. हे खरंच होतं. वरचे सगळे कप्तानासकट गेले होते, त्यामुळे रेडिओवर कोण कुणाला काय म्हणालं ते सांगणारं तिकडे कुणी उरलं नव्हतं. इकडे दोघं होतो; दुसऱ्या खुर्चीतल्या माणसानं कर्णफोन घातले नव्हते म्हणून त्याला बोलावलंच नाही. दुर्बीण माझ्या आधी आत गेला. मी दाराबाहेर उभा होतो आणि दार बंद असलं तरी मला ऐकू आलं. "दुसऱ्या जहाजाशी पाण्याखालच्या कशाबद्दल बोलणं झालं होतं?" "नोंद करण्यासारखं काही नाही, साहेब." तो बाहेर आला, माझ्यासमोर थांबला, माझी टोपी वाकडी झाली होती ती त्यानं दोन्ही हातांनी सरळ केली आणि गेला. त्याच्याशी माझी पुन्हा भेट नाही. आत मला विचारलं, "तू काही ऐकलंस?" मी म्हणालो, "नोंद करण्यासारखं काही नाही, साहेब." यात खोटं एक अक्षर नव्हतं. माशांची नोंद करायची नाही असा हुकूमच होता. अहवालात शेवटी एक ओळ आली: कानाच्या खोलीतल्या पहारेकऱ्याकडून वेळीच सूचना मिळाली नाही. पहारेकरी म्हणजे तो. नाव छापलं नव्हतं, पण त्या वेळी पाळी कुणाची होती हे सगळ्यांना माहीत होतं, आणि बातमीला पाय असतात. महिनाभरात त्याच्या आळीत, जिथे पूर्वी बांगड्यांचा भाव विचारत, तिथे लोक म्हणायला लागले की पोरगं पहाऱ्यावर झोपलं आणि शंभरावर माणसं घेऊन बुडालं.

मी त्यांच्या घरी गेलो तो सगळं सांगायला गेलो होतो. वाटेत वाक्यं ठरवली होती. आईंनी दार उघडलं आणि माझा हात धरून पहिलं विचारलं ते, "तो झोपला होता का रे?" मी म्हणालो, "नाही, तो झोपला नसेल." नसेल. 'नव्हता' म्हणायला गेलो होतो आणि 'नसेल' म्हणून बसलो, कारण 'नव्हता' म्हटलं की पुढचा प्रश्न येणार: तुला कसं माहीत? मागे ती उभी होती, पत्रांतली धाकटी बहीण, आणि तिच्या मागे थोरली, ताई. धाकटी मला जिन्यापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "आजवर इतके लोक येऊन गेले, पण त्याच्या बाजूनं बोललात ते तुम्ही एकटे." एवढ्या एका वाक्यावर माझं लग्न झालं. दुसरं कारण शोधून सापडत नाही. मी दिसायला बरा नव्हतो आणि आरमार सोडून हातात सळी घेऊन रस्ते ऐकत फिरणार होतो. आई पुढे चार वर्षं होत्या. शेवटी शेवटी त्यांना माणसं ओळखू येत नव्हती, पण मी खोलीत गेलो की त्या तेवढंच विचारायच्या आणि मी तेवढंच सांगायचो. ताईनं त्या गावात राहणंच सोडलं. आणि माझी बायको, तिनं दादाला माफ करून टाकलं. हे सगळ्यांत वाईट. आईसारखी ती झगडली नाही. तिनं मान्य केलं की तो झोपला असणार, घरीही तो कुंभकर्णच होता, आणि झोपेवर काय कुणाचं राज्य असतं? तिनं त्याच्यासाठी झोपेची कीव करायला शिकून घेतली. आमचा मुलगा शाळेच्या वेळेला उठायचा नाही तेव्हा ती त्याला गदागदा हलवून म्हणायची, "मामावर गेलास! मामावर गेलास!" आणि मग स्वतःच रडायची. मुलगा आता तीस वर्षांचा आहे, दुसऱ्या शहरात असतो, आणि अजून उशाशी दोन घड्याळं लावून झोपतो. मी हे सगळं बघत आलो. शेजारच्या खोलीतून, पेपर समोर धरून.

दवाखान्यातून मी चालत घरी आलो. आयुष्यभर मनाशी एक हिशोब धरून ठेवला होता, तो त्या मुलीनं सहज मोडला होता: की मला नीट ऐकू आलं नसेल. त्या दुपारी कान शिणला असेल, तिसरा प्रतिध्वनी पसरट होताच की, कुणालाही मासेच वाटले असते. रक्त आलेला कान, वय, बेकरीची गल्ली, सगळं मी त्याच एका बाजूला रचत आलो होतो. आणि ती म्हणते, तुम्हाला ऐकू येतं काका. दारात चावी फिरवताना आतून बायकोच्या पैंजणाचा नव्हे, ती कधीच घालत नाही, तिच्या सांध्यांचा कट्ट आवाज आला, ती खुर्चीतून उठली तो. सगळं ऐकू येत होतं.

ती टेबलावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. "काय म्हणाली डॉक्टरीण?"

"डॉक्टरीण नव्हे ती. कान चांगला आहे म्हणाली."

"मग हाका मारून मारून माझा घसा का बसतो?"

"ऐकू येतं म्हणाली. पण मी बटण दाबत नाही."

ती हसायला लागली. माझा सदरा छातीशी धरून हसत होती. "म्हणजे दादाच्याच पंथातले तुम्ही. त्यालाही सगळं ऐकू यायचं. झोपेत हूं हूं करायचा, आणि उठायचा मात्र नाही. तिथेही तेच झालं असणार हो. कानात वाजलं असेल, हूं म्हणाला असेल, आणि कूस बदलली असेल बिचाऱ्यानं."

"तो झोपला नव्हता," मी म्हणालो.

"चांगले आहात म्हणून म्हणता. पस्तीस वर्षं तेच म्हणताय."

"पस्तीस वर्षं 'नसेल' म्हणतोय. आज 'नव्हता' म्हणतोय. बस जरा."

ती बसली नाही. मी उभ्यानंच सांगितलं. ठरवलेली वाक्यं एकही आली नाहीत. टोपली, तळलेले मासे, कप्तानाचा विनोद, हे सगळं आधी आलं आणि मुख्य गोष्ट शेवटी. तिच्या हातातला सदरा घडी अर्धी घातलेला तसाच राहिला. मी थांबलो तेव्हा तिनं सावकाश, एकेक विचारायला सुरुवात केली. मला ते टेबल आठवलं आणि ती तिन्ही अधिकाऱ्यांपेक्षा चांगले प्रश्न विचारते आहे हे कळलं.

"आधी कुणी विचारलं? तुम्ही, की त्यांनी?"

"त्यांनी. त्याला आधी लागलं होतं."

"म्हणजे दादानं ऐकलं. आणि वर सांगितलं."

"हो."

"आणि तुम्ही मासे म्हणालात."

"हो."

"तुम्हाला काय वाटलं होतं?"

"पाणबुडी," मी म्हणालो. हा शब्द मी त्या दिवसानंतर पहिल्यांदा उच्चारला.

मग तिनं विचारलं, "मासे म्हणणारा माणूस तुम्ही आहात, हे त्याला माहीत होतं?"

मी खोटं बोलू शकलो असतो. रेडिओवर नावं घेत नाहीत. 'आमचा माणूस' एवढंच गेलं होतं. पण पाळ्या आम्ही जुळवून घेतलेल्या होत्या. "माहीत होतं," मी म्हणालो. "म्हणूनच त्यानं पुन्हा विचारलं नाही."

आता ती ओरडेल, असं मला वाटलं. आईचं नाव घेईल, ती चार वर्षं काढेल, हातातलं काहीतरी फेकेल, आणि त्यातल्या प्रत्येकाला माझ्याकडे उत्तर होतं. उत्तर नव्हे, मान खाली घालून उभं राहायची तयारी होती. खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. माणसाला शिव्या देतात तेव्हा निदान तो समोर असतो. पण तिच्या चेहऱ्यावर भलतंच काही यायला लागलं. आधी ओठ हलले, मग डोळे मोठे झाले, आणि मी लग्नात पाहिला होता त्याहून तरुण असा एक चेहरा तिच्या चेहऱ्यातून वर आला. "म्हणजे दादा जागा होता," ती म्हणाली. मला उद्देशून नाही. "जागा होता. ऐकलं त्यानं. सगळ्यांत आधी ऐकलं." तिनं सदरा टेबलावर ठेवला आणि माझ्या बाजूनं, मला धक्का लागू न देता, ती फोनकडे गेली. ताईचा नंबर तिला पाठ आहे. पलीकडे घंटा वाजत होती तेवढा वेळ ती एका हातानं डोळे पुसत होती आणि हसत होती, आणि मी आमच्याच घरात, खुर्चीच्या पाठीला धरून, पाहुण्यासारखा उभा होतो.

"ताई, आधी बस," ती म्हणाली. "बसलीस? ताई, दादा जागा होता. अगं झोपला नव्हता! त्याला ऐकू आलं होतं, त्यानं सांगितलं होतं, ऐकलं नाही ते बाकीच्यांनी. हो. हो गं. रडू नकोस. आता सगळ्यांना सांगायचं, एकेकाला, जे जे बोलले होते त्या सगळ्यांना."

फोनमधून ताईचा बारीक आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "पण हे सांगितलं कुणी तुला?"

बायकोनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. दार वाजलं म्हणून उघडावं आणि बाहेर अनोळखी कुणी असावं, तसं डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"दादाच्या शेजारच्या जहाजावर एक माणूस होता," ती म्हणाली, "त्यानं."